ब्राइटनेस, अल्पेश आणि मी

१७ जून, मंगळवार
शाळेला एका संस्थेकडून दहा जुने लॅपटॉप मिळाले. सगळ्यांवर लिनक्स. भानगड एकच, स्क्रीनचा उजेड कमी होत नाही. ब्राइटनेसची पट्टी शून्यावर नेली तरी स्क्रीन गाडीच्या हेडलाइटसारखी डोळ्यांवर येते. मुलांच्या डोळ्यांतून पाणी येतं आणि बॅटरी पाऊण तासात संपते. मुख्याध्यापिका कमळ मॅडमनी विचारलं, "परेश सर, होईल ना?" मी म्हटलं, पंधरा ऑगस्टला दाखवतो. नागावात अठरा वर्षं कॉम्प्युटर शिकवतोय, उगाच नाही.
निर्णय: नुसती दुरुस्ती करायची नाही, स्क्रीन चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरच, नव्याने लिहायचा. ओपन सोर्स आहे, कोणीही लिहू शकतो. आणि मी काही 'कोणीही' नाही.

२० जून
नवी वही. पहिल्या पानावर ड्रायव्हरचं नाव: परेशलाइट. खाली लोगो काढला. उद्यापासून कोड.

२४ जून
मूळ ड्रायव्हरचा कोड उघडला. लाखो ओळी. लिहिणाऱ्यांना आटोपशीरपणा म्हणून नाही. बंद केला. पाठ दुखते आहे.

२ जुलै, बुधवार
बाजारात अल्पेश भेटला. किनाऱ्यावर बनाना बोट चालवतो. पावसाळ्यात वॉटर स्पोर्ट्स बंद, म्हणून रिकामा. सहा वर्षांपूर्वी माझ्याच क्लासला होता. प्रश्न फार विचारायचा, मी त्याला मागच्या बाकावर बसवायचो. म्हणाला, "सर, माझा लॅपटॉप पण शाळेतल्यासारखाच हाय, सेम मॉडेल. उजेड कमी होत न्हाय. जरा ड्रायव्हरमधी शिरून बघतोय." हसू आवरलं. मोठ्या मनाने सांगितलं, काही अडलं तर विचार. त्याने तिथेच विचारलं. मला घाई होती.

८ जुलै
अमिषा मासळी घेताना अल्पेशच्या आईशी बोलून आली. त्याला म्हणे घोळ सापडला. या लॅपटॉपमध्ये उजेडाची दोन कंट्रोल्स दिसतात. एक खरं, एक नुसतं नावाला. ड्रायव्हर हुकूम सोडतो तो नावाच्याला. ते हो हो म्हणतं आणि काहीच करत नाही. खरं आपलं बाजूला गप्प.
माझी बायको हे मला समजावून सांगत होती! कोळंबी सोलता सोलता! वर, "किती हुशार पोरगा आहे ना?"
जेवलो नाही. (नंतर थोडी कोळंबी घेतली. दोनदा.)

१५ जुलै
अल्पेशने पॅच पाठवला, ड्रायव्हरच्या कोडला लावायचं ठिगळ. जगभरातले ड्रायव्हरवाले वाचतात त्या मेलिंग लिस्टवर. सहा ओळी. त्यातल्या दोन ओळींवर नुसते कंस. मी अख्खा ड्रायव्हर लिहितोय म्हणून मला वेळ लागतोय. ड्रायव्हर सांभाळणाऱ्या परदेशातल्या मेंटेनरने त्याला लिहिलं, छान काम. मला अठरा वर्षांत हे कोणी लिहून दिलेलं नाही.

१६ जुलै
जळफळाट वगैरे काही नाही. छातीत जळजळ आहे. गोळी घेतली.

१९ जुलै, सकाळी ११
कर्तव्य म्हणून लिस्टवर मेल टाकली. मी स्वतः पॅच तपासला, चालत नाही, लेखक व्यवसायाने बोटवाला आहे. इंग्रजीत फारच भारदस्त उतरलं. खाली सगळे डिप्लोमे लिहिले.

२० जुलै
मेंटेनरने मशीनचा लॉग, आत काय काय चालू आहे त्याची नोंद, मागवला. म्हणजे दखल घेतली! अख्खा पाठवला. स्वतः वाचायला वेळ नव्हता.

२१ जुलै, सोमवार
मेंटेनरचं उत्तर: लॉगवरून दिसतं की तुम्ही पॅच लावलेलाच नाही, जुनाच कर्नल (लिनक्सचा गाभा) चालू आहे. पुढे एक स्मायली. स्मायली जास्त लागली.
मेल डिलीट होते का शोधलं. नाही होत. लिस्टवरचं सगळं कायम राहतं. कायम.
त्याखाली अल्पेश: "परेश सर माझे पहिले कॉम्प्युटर शिक्षक. मीच पॅच कसा लावायचा ते नीट लिहिलं नसेल. त्यांच्याकडे जाऊन बघतो." जगासमोर! शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

२३ जुलै
तो खरंच आला. मी आतून सांगितलं, ताप आहे. अमिषाने त्याला आत घेतलं, चहा टाकला. मग बाहेर यावंच लागलं. त्याने माझ्याकडच्या शाळेच्या लॅपटॉपवर पॅच कसा लावतात ते दाखवलं. सावकाश, एकदाही 'सोपं आहे' न म्हणता. मी असा कधी शिकवतो का?
मध्येच म्हणाला, "सर, तुम्ही क्लासला बोललेलात, कोड बघून घाबरायचा न्हाय. मी तेवढंच धरून ठेवलं."
असं मी कधी म्हटलं, आठवत नाही. म्हटलं असेल. तेव्हा मीही घाबरत नसेन.
मग लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "आता तुम्ही दाबा." दाबलं. उजेड हळूहळू खाली आला. परत दाबलं, वर गेला. म्हटलं, ताप वाढलाय.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
अल्पेशने पॅच लावलेले दहाही लॅपटॉप दाखवले. पोरांनी उजेड खालीवर करून करून धुमाकूळ घातला. कमळ मॅडमनी नारळ देऊन अल्पेशचा सत्कार केला, टाळ्या झाल्या. मग माझ्याकडे वळल्या. मी उठून उभा राहिलो. म्हणाल्या, "परेश सर, जरा पंखा लावा ना."

११ सप्टेंबर, गुरुवार
पॅच अधिकृत कर्नलमध्ये गेला. लेखक: अल्पेश. आणि खाली दुसऱ्या ओळीत, टेस्टेड बाय: परेश सर. त्याने मला न विचारताच नाव घातलं. 'सर'सकट.
रंगीत प्रिंट काढली, फ्रेम केली, हॉलमध्ये लावली. अमिषाने विचारलं, हे काय? मी सांगितलं, जगाने माझी मान्यता घेतली.
"म्हणजे तुम्ही नक्की काय केलंत?"
"बटण दाबलं."
"किती वेळा?"
दहाएक सांगणार होतो. पण फ्रेम समोर होती.
"दोनदा."