एक धागा सोडणारे लोक

बाबा, नदी डोंगरावर चढत जाते तो मुलूख तुम्ही माझ्यासाठी रचला होता. मी नऊ वर्षांची, तुमच्या हातमागाजवळ मांडी घालून बसलेली. मागावरच्या जुन्या ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, टोकांना नव्या ताण्याचा एकेक धागा जोडायचा, बोटांना राख लावून पीळ द्यायचा. दिवसभराचं काम, आणि मला घडीघडी कंटाळा. मी उठायला लागले की तुमची नदी वाहायला लागायची. त्या मुलखात दोन पंथ होते. जुना पंथ गुहेतल्या म्हाताऱ्यांचा. त्यांचा देव कोणता, पंथ कोणी काढला, त्यांनाही ठाऊक नाही; फक्त कापड विणताना काठाजवळ एक धागा मोकळा सोडायचा, अजून न आलेल्या माणसासाठी. नवा पंथ नगारा वाजवत आलेला. त्याला झेंडा, सगळ्यांना एकाच रंगाचे शेले, फाटकावर वही घेऊन बसलेला माणूस.

"मग फरक काय बाबा?" मी विचारते.

"नवा पंथ पयले नाव इचारते," धाग्यावरची नजर न काढता तुम्ही सांगता. "जुना म्हन्ते, बस. जेवली का?"

पुढे मी धरमपेठेतल्या कॉलेजात जायला लागले. तिथल्या मुलींच्या घरी मागाची खटखट नव्हती, आणि आपला पत्ता सांगताना माझी जीभ अडखळायची. कॉलेजच्या अंकासाठी मी तुमचा मुलूख लिहिला. पण नुसता मोकळा धागा कोण वाचणार? मी तुमच्या म्हाताऱ्यांना मुखवटे चढवले, हातात सुरे दिले, एका मुलीचा बळी द्यायला लावलं. नवा पंथ मात्र शहाणा, धुतल्या कपड्यांतला; तोच येऊन तिला सोडवतो. गोष्टीला पहिलं बक्षीस मिळालं. अक्कल गहाण ठेवली होती मी, दुसरं काय!

तुम्हाला वाचता येत नव्हतं. आईने मागाशेजारी बसून ती गोष्ट मोठ्याने वाचली. माग चालवणारा पावडीवरचा तुमचा पाय थांबला.

"माह्या म्हाताऱ्यायनं कवा कोनाचं रगत मांगलं वं?"

रागावला असतात तर बरं झालं असतं. घरच्या माणसावर चोरीचा आळ यावा तसा तुमचा आवाज होता. मला तो सोसवेना. मी म्हणाले, "मी तसं नव्हतं लिहिलं बाबा. संपादकांनी बदललं."

तुमचा चेहरा उजळला. "मंग ठीक आहे. म्या म्हनलंच, माही पोरगी असं कायले लिहीन!"

मग भेटेल त्याला तुम्ही तेच सांगत राहिलात. चहाच्या टपरीवर, सूत आणायला गेलात तिथे, शेवटच्या आजारात रामदासपेठेच्या दवाखान्यात नर्सलासुद्धा. "पोरीनं बराबर लिवलं होतं, छापनाऱ्यायनं बिघडवलं." मी पलंगाशी उभी राहून तुमचं पांघरूण नीट करायचे. लाजेने मरायला व्हायचं.

आता मी तशाच मुलखांची पुस्तकं लिहिते. त्या गोष्टीतल्या म्हाताऱ्यांच्या हातातले सुरे काढून घ्यायला बसते आणि दरवेळी तशीच उठते. हे पत्र तरी पाठवू कुठे? तुम्हाला वाचून दाखवायला आईही उरली नाही.

शेवटच्या आठवड्यात एकदा मी सगळं कबूल करायचं ठरवून आले होते. धास्तीने सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. तुम्ही मला ओळखलं नाहीत. नावही विचारलं नाहीत. स्टुलाकडे हात केलात आणि म्हणालात, "बस. जेवली का?"

मी हो म्हणाले. तेही खोटंच होतं, बाबा.