अडतीस गाड्यांची गाढ झोप

३ मार्च, सोमवार
आज पुन्हा चार गाड्या चालू होईनात! औषधांची खोकी भरून तयार, आणि ड्रायव्हर गाड्यांना धक्के मारतायत. मिस्त्रींनी सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवलं — "ह्यांच्या डबीने बॅटऱ्या खाल्ल्या." डबी म्हणजे डॅशबोर्डच्या मागे बसवलेलं माझं ट्रॅकिंगचं यंत्र. गाडी शनिवार-रविवार उभी असली तरी ते आपलं दर मिनिटाला 'मी इथे आहे, मी इथे आहे' सांगत बसतं. मग बॅटरी राहणार कशी?
साहेब म्हणाले, "यंत्र गाडी शोधायला आहे की बंद पाडायला?" हसले सगळे. दादासुद्धा! सख्खा भाऊ, इथलाच ड्रायव्हर, त्यानेच मला इथे चिकटवलं, आणि हसतो.

५ मार्च, बुधवार
माहितीपुस्तक काढून बसले. यंत्राला झोपवायचे दोन प्रकार. डुलकी — जाग येत राहते, बॅटरी थोडी खातं. आणि गाढ झोप — इंजिन बंद झालं की दहा मिनिटांत मोबाइलचं कनेक्शन बंद. चावी फिरवली की जागं, नाहीतर सकाळी सहाला एकदा. बॅटरी जवळजवळ खातच नाही.
गाढ झोप निवडली. खुर्चीतून न उठता अडतीस गाड्या, एका दुपारीत. पुढची पानं वाचायची राहिली. वाचते उद्या.

६ मार्च, गुरुवार
दादा टेबलापाशी आला. "चिमे, ते लाल बटण चालेल ना गं आता?" स्टिअरिंगखालचं संकटाचं बटण — दाबलं की ऑफिसात भोंगा वाजतो.
"चालेल रे! न चालायला काय झालं?"
"तू म्हणतेस म्हणजे चालणारच," म्हणाला आणि गेला. मी बघितलं नव्हतं. बघते.

१० मार्च, सोमवार
अडतीसच्या अडतीस, पहिल्या फटक्यात चालू!! मिस्त्रींनी स्वतः चहा आणून दिला, बघायला हवं होतं तोंड. साहेबांनी नाव घेऊन कौतुक केलं. दादा मागून ओरडला, "बहीण कोणाची!"

१७ मार्च, सोमवार
सगळ्या गाड्या चालू. लिहिण्यासारखं काही नाही.

२४ मार्च, सोमवार
दादा.
सकाळी साडेसातला गोदामाच्या वॉचमनला सापडला. गाडीच्या केबिनमध्ये, सीटवर आडवा. रविवारी माल उतरवून घेत नाहीत, म्हणून आवारात गाडी लावून थांबला होता. झटका आला. उजवं अंग गेलं. बोलता येत नाही. डॉक्टर वहिनीला म्हणाले, "काल दुपारीच झालेलं दिसतंय. तीन-चार तासांत आणलं असतं तर..."
दुपारी ऑफिसात जाऊन यंत्राच्या नोंदी उघडल्या. सकाळी सहाला त्याच्या गाडीचं यंत्र जागं झालं होतं. साठलेलं सगळं एकदम पाठवलं होतं त्याने.
बटण — २.०७. बटण — २.०९. बटण — २.०९. बटण — २.३१.
आणि काल दुपारी ऑफिसात मीच होते! माझीच पाळी. समोर स्क्रीन, त्यावर त्याच्या गाडीचा निळा ठिपका. निळा म्हणजे झोपलेली. मी मैत्रिणीशी फोनवर हसत होते.

२५ मार्च, मंगळवार
पुढची पानं आज वाचली. एकच ओळ आहे. गाढ झोपेत बटणाची नोंद होते, पण निरोप यंत्र जागं झाल्यावर जातो. एक ओळ! वाचायला किती वेळ लागतो? मी मोजला. पाच सेकंद.
सगळ्या गाड्या डुलकीवर आणल्या. मिस्त्री हळूच म्हणाले, "ताई, बॅटऱ्या बसतील."
"बसू देत."
संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. कागद तयार होता — 'यंत्रात बिघाड'. "तुमचं नाव कशाला यायला हवं? तुमचाच भाऊ आहे. आधीच काय कमी झालंय?" प्रेमाने बोलत होते. मी सही केली.

२७ मार्च, गुरुवार
वहिनीने त्याची दाढी केली. तो माझ्याकडेच बघत होता. मी खिडकीकडे बघत राहिले.

३० मार्च, रविवार
आज सांगायचंच म्हणून गेले. वहिनीने "जेवलीस का?" विचारलं. जेवले म्हणाले, परत आले.

१ एप्रिल, मंगळवार
साहेबांकडून तो कागद मागून घेतला, फाडला. दुसरा स्वतःच्या हाताने लिहिला — बिघाड नव्हता. सेटिंग मी बदललं. बटण चालेल असं न बघता मी सांगितलं.
"हा वेडेपणा आहे," साहेब म्हणाले. "नोकरी जाईल."
"जाऊ दे."
बाहेर आले. वाटलं होतं, मन हलकं होईल. कसलं हलकं!

२ एप्रिल, बुधवार
वहिनीला सांगितलं. दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर. सगळं — डुलकी, गाढ झोप, चार नोंदी, ती हसण्याची दुपार. ती ऐकत राहिली. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसती उठली आणि आत गेली. मी तासभर बसले. बाहेर आलीच नाही.

३ एप्रिल, गुरुवार
दुपारी वहिनीचाच फोन — "ये." त्याच बाकावर बसली होती. मोबाइल माझ्यापुढे धरला. रविवार, १.५८. दादाचा फोन.
"मी कापला गं," म्हणाली. "शनिवारी भांडलो होतो आम्ही. म्हटलं, बसू दे जरा वाट बघत."
तिने डोळे पुसले. "त्याला सगळं कळतंय. आधी तू सांग. मग मी सांगते."
आत गेलो. दादा जागा होता.