दार लागत नाही

४ फेब्रुवारी
आलो एकदाचे. हडपसरच्या भाड्याच्या दोन खोल्यांतून थेट लासुर्ण्याला, स्वतःच्या नव्याकोऱ्या घरात. काल घरभरणी झाली, पुरणपोळ्या अजून उरल्यात. भिंतींना रंगाचा वास, मागे उसाचं रान आणि माझ्या लेकीला, दिशाला, पळायला एवढा मोठा हॉल. नवऱ्याच्या, सोमनाथच्या, दोन्ही बहिणी खण-नारळ, साड्या घेऊन खुशीत गेल्या. सासूबाई तेवढ्या गप्प आहेत. निम्मा जन्म मेंढरांमागं उघड्यावर काढला, स्लॅबखाली झोप येत नसेल.
एकच खोट आहे. पुढचं दार लागत नाही. कितीही ओढा, बोटभर फट राहतेच.

७ फेब्रुवारी
फोन करून करून जीव गेला तेव्हा महिपती सुतार उगवला. रंधा मारला, चहा प्याला, दाराला काय बी झालं न्हाय म्हणाला आणि गेला. दुपारी पुन्हा फट. शिवाय उंबऱ्यावर लाल मातीचे डाग. इथली सगळी जमीन काळी, मग ही लाल माती येते कुठून? पुसून पुसून कंबर मोडली. सोमनाथ म्हणतो, लाकूड नवीन आहे, बसेल हळूहळू. याचं सगळं बसेलच असतं. हा कारखान्यात जाऊन मोकळा, फरशी माझ्या नशिबी.

११ फेब्रुवारी
बिजागऱ्या बदलल्या, कडी नवी लावली, फट तशीच. आज चिडून दाराला खांदा लावला आणि जोरात रेटलं. पलीकडून कुणी हात लावून धरावं तसं ते अडलं. मी सैल सोडलं की तेही सैल. मागून दिशा म्हणाली, आई, तिला लागेल ना. कुणाला, विचारलं, तर उंबऱ्याकडे बोट दाखवलं. चार वर्षांची पोर, काहीही बोलते.

१३ फेब्रुवारी
दिशा काय म्हणाली ते सांगून सासूबाईंना फैलावर घेतलं. असंल काय तरी, म्हणाल्या, आणि मग पदर तोंडाला लावून रडल्या. सोमनाथच्या आधी एक मुलगी होती. मुलगा हवा होता, म्हणून तिचं नाव नकोशी ठेवलेलं. मेंढरं घेऊन कोकणात गेले असताना तापानं गेली, दिशाएवढी होती. तिथंच पुरली आणि मेंढरं पुढं हाकली. तिला घर कसलं त्ये ठावंच न्हाय, म्हणाल्या. घरभरणीला सगळ्या लेकींचा मान केला. गेलेल्या लेकीचा खण उंबऱ्याबाहेर ठेवायचा असतो, तो ठेवला नाही. चारचौघांत तिचं नाव काढायची लाज वाटली म्हणे.
मी इतके दिवस सुताराच्या नावानं खडे फोडतेय आणि या बाईंना सगळं ठाऊक होतं.
उद्या खण आणते. ठेवायचा आणि मुकाट आत यायचं. तिच्याशी बोलायचं न्हाय, असं त्यांनी परत परत बजावलंय.

१४ फेब्रुवारी, दुपार
खण ठेवला. मुकाट आत आले. दार ओढलं, तर फट होती तशीच. डोकंच फिरलं माझं. म्हटलं, ये बाई आत एकदाची, तुझंच घर आहे, पण ते दार लागू दे.
दार लागलं. आपोआप, अगदी अलगद.
सासूबाईंनी कपाळ बडवून घेतलं.

थोड्या वेळानं
दिशा कोपऱ्यात बसलीय. तळव्यांना लाल माती. हाक मारली तर बघत नाही. सासूबाई दबक्या आवाजात नकोशी म्हणाल्या — लगेच वळली. हसली.
दार उघडत नाही. मागचंही नाही. सोमनाथ फोन उचलत नाही —

मला वहिनी म्हणाली. माझ्या पोटची पोर मला —

बाहेरून कुणीतरी दार वाजवतंय. खाली, कडीला हात न पुरणारं कुणीतरी. आई, मी दिशा, उघड ना, म्हणून रडतंय. आवाज तिचाच —
आणि ही माझ्या मांडीवर, गळ्यात हात घालून — म्हणते, वहिनी, नगं उघडू, मी आत्ताच तर घरात —