बांधावर ऐकू येईल असं

बाबा, येत्या रविवारी पोरीला राइट बॅकवरून काढून मध्ये घ्यायचं की नाही, हे मला ठरवायचं आहे, आणि तुझ्याशिवाय कुणाला विचारावं असं वाटत नाही. तुला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं, तरीही.

तुझी नात आता बारावीला आहे. आपल्या गावच्या आणि शेजारच्या शेलार गावच्या मुलींची टीम मी रविवारी सकाळी खेळवतो. बाकीचे दिवस काल्हेरच्या गोडाऊनमध्ये ड्युटी. ती राइट बॅक, म्हणजे उजव्या कडेला मागे राखणीला. पण राखणीला उभी राहील तर ती कसली! बॉल मिळाला की कडेची लाइन धरून पार समोरच्या कोपऱ्यापर्यंत पळते. मी त्या लाइनवरच उभा असतो. अंगाला वारा लावून जाते आणि जाता जाता ओरडते, "बाबा, सरक ना!" आता टीममधली मध्ये खेळणारी मुलगी नर्सिंग शिकायला बाहेरगावी गेली. मैदानाचा मधला भाग ओस पडला आहे, बॉल तिथे टिकतच नाही. गोलकीपर मुलगी परवा सगळ्यांसमोर म्हणाली, "काका, मध्ये तीच खेळू शकते. तुम्हाला पण माहितीये. पण तुम्हाला ती लाइनवरच पाहिजे, गप्पा मारायला." सगळ्या खिदळल्या. मीही हसलो.

तिचं खरं होतं, पण कारण वेगळं होतं. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, साखरेमुळे लवकर आला. साखर खाली आल्याशिवाय डॉक्टर ऑपरेशन करणार नाहीत, आणि तोवर पोरीचा इथला शेवटचा मोसम संपेल. पुढच्या वर्षी तीही शिकायला जाईल. लाइनवरून पळणारी पोर मला दिसते. मैदानाच्या मध्ये मला नुसते हलणारे रंग दिसतात. घरात मी हे अजून सांगितलेलं नाही.

डॉक्टरांनी विचारलं होतं, वडिलांना होता का? मी नाही म्हणालो. मग अंबाडीच्या नाक्यावर गाडीची वाट बघत उभा होतो. गाडी समोर येईपर्यंत पाटी वाचता येईना, म्हणून शेजारच्याला विचारलं, "कुठली आहे हो?" आणि तो आवाज मला तुझा वाटला. याच नाक्यावर तू येईल त्या गाडीला असंच विचारायचास. तू शाळेत गेला नव्हतास, म्हणून तुला पाटी वाचता येत नाही, असंच सगळे धरून चालायचे. तांदळातले खडे तू सूप नाकाशी धरून वेचायचास. गावदेवीपुढे दिवा लावताना आधी बोटाने वात चाचपायचास, मग काडी न्यायचास. मी ती तुझी पद्धत समजत होतो. आजही दिवा लावताना मी तसंच करतो.

भाताची कापणी झाली की आपल्या खाचरात आमचं मैदान व्हायचं. बांध हीच लाइन. मी राइट बॅक, माझ्या पोरीसारखाच पळणारा. तू कोयता आणि गवताचा भारा घेऊन त्या बांधावर बसायचास. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या की माझी कड पलीकडे जायची, मग तू भारा उचलून अख्खं खाचर ओलांडून पलीकडच्या बांधावर यायचास. पोरं टाळ्या पिटायची, "चालला रं लाइनमन!" तू त्यांना कोयता दाखवायचास आणि बसायचास. मी जवळून पळत गेलो की म्हणायचास, "जा पोरा, जा."

मग आमच्यात मध्ये खेळणारा पोरगा भिवंडीत लूमवर शिफ्टला लागला आणि खेळाच्या सरांनी मला मध्ये घेतलं. घरी सांगितलं तेव्हा तू भाकरी खात होतास. हात थांबला तुझा.

"मंग आथा मी कंय बसू?"

आई म्हणाली, "घरी बसा. आंगन सारवाचा हाय."

तू हसला नाहीस. ताट बाजूला सारून म्हणालास, "मधी खेलशील त बोलत ऱ्हा. गप ऱ्हवाचा न्हाय. बांधावर आयकू आला पायजे."

मी मुलखाचा अबोल पोरगा. तरी तुझा शब्द म्हणून ओरडायला लागलो. "मागं हाय! सोड! मना दे!" कडेला खेळताना लाइन तुमची एक बाजू राखते, मध्ये चारी बाजूंनी माणसं येतात, निम्मी पाठीमागून. तिथे जो बोलतो त्याची टीम जागी राहते. सर खूश झाले. हे कुणी शिकवलं म्हणाले. मी बांधाकडे बोट दाखवलं. सर नमस्कार करायला आले तर तू गवत सारखं करत बसलास. दर मॅचनंतर मी विचारायचो, "बघितलास?" तू म्हणायचास, "बघितला रं. झ्याक झाला." इतकी वर्षं मी पोरापोरींना तुझं ते वाक्य खेळातलं शहाणपण म्हणून शिकवतो आहे.

इथवर शुक्रवारी लिहिलं होतं. आज रविवार. सकाळी देवीपुढे दिवा लावला, मैदानावर गेलो आणि तिला म्हणालो, "आज तू मध्ये." ती चिडली. "मध्ये कुठूनही कुणीही येतं, बाबा! आणि मी तिथे बोलू कुणाशी?" मी म्हणालो, "सगळ्यांशी. गप राहायचं नाही. लाइनवर ऐकू आलं पाहिजे."

पहिला अर्धा वेळ ती चाचपडली, आवाजही बारीक. नंतर मोकळी झाली. "माझा! पाठीमागे बघ! आता दे!" कुठे वळते आहे, दमली आहे का, कुणावर वैतागली आहे, सगळं मला लाइनवर उभ्याउभ्या कळत होतं. डोळे ताणून दुखायला लागले होते, म्हणून मी ते मिटून घेतले. अर्ध्या मैदानावरून तिने मारला आणि गोल झाला, तेव्हाही ते मिटलेलेच होते.

ती धावत आली, घामाने निथळत. "बाबा, बघितलास ना?"

"बघितला," म्हणालो. "झ्याक झाला."