तोरणमाळला उतरवलेला हार

जळगाव,
दि. २१ जानेवारी १९८८

पंडितभाऊस यशोदाचा जयभीम. वि. वि.

जयभीमच्या आधी 'सप्रेम' लिहायला हात धजला नाही, म्हणून तो शब्द गाळला आहे. तू मास्तर आहेस, पत्रातही चुका काढशील, म्हणून आधीच सांगते.

आम्ही तोरणमाळहून निघालो ते सोमवारी दुपारी घरी पोचलो. नंदुरबारच्या स्टँडवर करुणाने विचारलं, मामाने बाबांच्या गळ्यातला हार का काढला. सात वर्षांच्या पोरीला काय उत्तर द्यायचं ते तूच लिहून पाठव.

हे मागची दोन वर्षं घाटाच्या सायकल शर्यतीत दुसरे आले. यंदा पहिले आले. दम खात उभे होते, अध्यक्षांनी हार घातला, मी करुणाला खांद्यावर घेऊन दाखवत होते. तेवढ्यात तू वही घेऊन आलास. काय वाचून दाखवलंस ते लांबून ऐकू आलं नाही. हे बाद झाले, असं लोक म्हणाले. अध्यक्षही क्षणभर गोंधळले, पुढे व्हायला कोणी तयार नव्हतं. आणि तू पुढे होऊन स्वतःच्या हाताने हार काढलास. दुसऱ्या कोणी काढला असता तर मी त्याला शिव्या देऊन मोकळी झाले असते.

यांनी मला बठ्ठं, अगदी सगळं, सांगितलं आहे. मंडपाचे बांबू घेऊन जाणारा ट्रक वळणावर यांना दरीच्या बाजूला दाबत होता. पडू नये म्हणून यांनी फळीला हात लावला. जीव वाचवायला लावलेला हात तुझ्या वहीत चोरी झाला. यांच्या तारेच्या ऑफिसातल्या लोकांनी सत्कार ठरवला होता, तो मंगळवारी रद्द झाला. पेपरात छापून आलं, तारवाल्याने ट्रक धरला. पेपर तुझ्याकडेही येत असेल, कापून ठेव.

आणखी काय लिहू. लोभ असू दे असं या खेपेला मागत नाही.

यशोदा


धुळे,
दि. ३० जानेवारी १९८८

चि. सौ. यशोदा हिस सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. रागात लिहिलेलं आहे असं धरून मी ते बाजूला ठेवलं आणि आठ दिवसांनी उत्तर लिहितो आहे.

मी निरीक्षक होतो. काळापाणीच्या वरच्या वळणावर नऊ वाजून चाळीस मिनिटांनी सतरा नंबरच्या स्वाराने ट्रकमागे लोंबणारा दोर उजव्या हातात धरलेला होता. त्याचे पाय पॅडलवर थांबलेले होते. ट्रक चढत होता आणि सायकल त्याच्यामागे चढत होती. फळीला हात लावणं वेगळं आणि दोर धरणं वेगळं. सतरा नंबर कोणाचा हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणून मी लिहायचं सोडायला हवं होतं का?

शर्यतीच्या समितीत आपल्यातला मी एकटा आहे. पहिल्या वर्षी मला रस्त्यावर चुन्याच्या रेघा मारायला बोलावलं होतं. तिथपासून हातात वही यायला सात वर्षं लागली. मी गप्प बसलो असतो आणि मागाहून कोणाच्या कानावर गेलं असतं, तर बहिणीच्या नवऱ्याला पाठीशी घातलं असं म्हणाले असते, आणि नुसतं मलाच म्हणाले नसते. हे तुला समजायला हवं. शाळा शिकलेली आहेस.

हार मी काढला, कारण कोणी काढत नव्हतं आणि भाईदासराव तो घालून तसेच उभे होते. ते मला बघवत नव्हतं. तुला खोटं वाटेल.

भाईदासरावांना सांग, खरं बोललं की माणूस हलका होतो. करुणाला पापा.

तुझा भाऊ,
पंडित


जळगाव,
दि. १० एप्रिल १९८८

पंडितभाऊस जयभीम. वि. वि.

उत्तर पाठवायचं नव्हतं. पण सोनगीरहून आईचा निरोप आला की दोघंही तिचीच लेकरं, जयंतीला दोघांनी यावं. निरोप आणणाऱ्याने तिचेच शब्द सांगितले: तुम्ही दोन्ही मनाच शेतस, मी कोनी बाजू लेऊ? म्हणून लिहिते आहे की मी येणार नाही. तू जा. आईला पुरणपोळी तू खाऊ घाल आणि मी का आले नाही तेही तूच सांग.

माझ्या नवऱ्याने खरं बोलून हलकं व्हावं असं तू लिहिलंस. ते पत्र मी यांना वाचून दाखवलं नाही. हे तीन महिने मान वर करून चालत नाहीत. तार द्यायला गेले की लोक तार घेता घेता विचारतात, आज ट्रक नाही मिळाला का. सायकल भिंतीला टेकवलेली असते. ड्युटीला ऑफिसची जड सायकल चालवतात, स्वतःच्या सायकलकडे बघतसुद्धा नाहीत.

आणि माझं ऐक. आमच्या गल्लीतली बेबाबाई विहारात सगळ्यांसमोर म्हणाली की सख्ख्या मेहुण्याने पकडलं म्हणजे खोटं कसं असेल. मी वंदना संपायची वाट पाहिली आणि उभी राहिले. पंचवीस-तीस बायका होत्या. मी म्हटलं, माझा नवरा खोटं बोलत नाही, बोलत असेल तर मी पुन्हा या विहाराची पायरी चढणार नाही. माझ्या भावाला शिकल्यापासून घरची माणसं लहान दिसतात, असंही म्हटलं. ते शब्द मी परत घेणार नाही.

मी त्या ट्रकचा ड्रायव्हर शोधणार आहे. त्यानेच सांगू दे ट्रक कसा दाबला ते.

यशोदा


(कार्ड)
धुळे, दि. १९ एप्रिल १९८८

चि. सौ. यशोदास आशीर्वाद. जयंतीला सोनगीरला जाऊन आलो. आई जेवली नाही. ड्रायव्हरचं नाव तोताराम, राहणार दोंडाईचा. मीच देतो, म्हणजे मी लपवलं असं म्हणायला नको. शोध. जे पाहिलं ते पाहिलं. पंडित.


जळगाव,
दि. १८ ऑक्टोबर १९८८

पंडितभाऊस जयभीम. वि. वि.

तोताराम भेटला. दोनदा जाऊन हात हलवत परत आले होते. एकदा तो इंदूरकडे गेला होता, दुसऱ्यांदा बिऱ्हाड बदललं होतं. परवा पॅसेंजरने गेले. स्टेशनच्या मागे मिरची वाळत घातलेल्या एका आवारात त्याचं घर आहे. मी कोण ते सांगितलं, तर त्याने आधी पाणी दिलं. मग मला म्हणाला, बाई, खरं सांगू का तुले बरं वाटी असं सांगू?

मी म्हटलं, खरं सांग. म्हणताना मला वाटलं नव्हतं की ते असं असेल.

त्याने आरशात पाहिलं होतं. यांनी दोर काळापाणीच्या खालच्या वळणावर धरला आणि वरच्या वळणाच्या पुढे सोडला. ट्रकने कोणाला दाबलं नव्हतं, रस्ता मोकळा होता. तोतारामला वाटलं, माणूस दमला आहे, धरू दे घटकाभर. त्याने ब्रेकही लावला नाही की हाकललंही नाही.

मी उठायला लागले, तेव्हा तो आणखी एक बोलला. वरच्या वळणावर कठड्यावर एक मास्तर उभा होता, गळ्यात शिट्टी होती. ट्रक खालून येताना त्याने पुरता पाहिला. शिट्टी त्याने हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली. तोताराम म्हणाला, मी वाट बघत होतो की आता वाजवतील आणि हा सोडेल.

घरी येऊन मी यांचा शर्यतीचा फॉर्म काढला. मागे नियम छापलेले आहेत. नववा नियम तुला पाठ असेल. वाहनाला हात लावलेला दिसला तर निरीक्षकाने प्रथम शिट्टी वाजवावी. स्वाराने हात सोडल्यास त्याच्या वेळेत दोन मिनिटं वाढवावीत. शिट्टीनंतरही न सोडल्यास बाद करावं. तुझ्या पत्रात वेळ आहे, नंबर आहे, उजवा हात आहे, पाय आहेत. शिट्टी कुठे आहे?

यांनाही विचारलं. जेवत होते. ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, पायात गोळे आले होते, मागचा स्वार दिसायला लागला होता, आणि सलग तिसऱ्या वर्षी दुसरा येऊन घरी जायचं मला जमलं नसतं. एकदा धरल्यावर सोडणं हे चढण्यापेक्षा अवघड झालं. मग मला खोटं का सांगितलं असं विचारलं. तर म्हणाले, तू इतक्या लगेच विश्वास ठेवलास की परत फिरता आलं नाही.

तुझं खरं निघालं. मी ते लिहून देते. नऊ महिने मी तुला खोटारडा म्हटलं, ते चुकलं. पण तू खरा असलास तरी सरळ वागला नाहीस. तू शिट्टी का वाजवली नाहीस ते मला कळव. समितीचं, समाजाचं कारण सांगू नकोस. शिट्टी वाजवली असती तर ना कोणी तुला बोललं असतं, ना कोणी यांना.

यशोदा


धुळे,
दि. १६ नोव्हेंबर १९८८

चि. सौ. यशोदास अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला चार वेळा उत्तर लिहिलं आणि फाडलं. प्रत्येक वेळी समितीचंच कारण लिहिलं जात होतं.

ट्रक खालच्या वळणावरून निघाला तेव्हाच मला दोर दिसला. शिट्टी तोंडाशी नेली होती. मी ती वाजवली नाही, कारण मला भाईदासराव सापडायला हवे होते. एवढंच आहे. दुसरं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

बाबांनी तुझं लग्न ठरवलं तेव्हा मी विरोध केला, तुझं डी.एड. राहील म्हणून. ते राहिलंच. तेव्हापासून तो माणूस माझ्या मनात बसत नव्हता. मी चुन्याच्या रेघा मारून, खुर्च्या मांडून, सगळ्यांना साहेब साहेब करून त्या मंडपात शिरलो. आणि ते सायकलवर बसून सरळ वर यायचे नि सगळे उभे राहून टाळ्या वाजवायचे. शाळेत मला विचारायचे, तुमचे पाहुणे यंदा कितवे? माझं कोणी विचारायचं नाही. त्या दिवशी दोर दिसला आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं.

मी समितीला पत्र दिलं. नोंद खरी आहे, पण मी शिट्टी दिली नाही, असं वहीत सही करून लिहिलं. त्यांनी बैठक घेतली. भाईदासरावांचं बाद होणं रद्द झालं, दोन मिनिटं वाढवून त्यांना चौथा क्रमांक दिला आहे. तसा कागद तुमच्या पत्त्यावर येईल. माझं नाव निरीक्षकांतून काढलं आहे. एक गृहस्थ जाता जाता म्हणाले की तुम्हा लोकांवर जबाबदारी टाकली की असं होतं. त्याच वळणावर दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पुतण्याने जीप धरली होती. ते माझ्या वहीत नाही, कारण तेव्हा वही त्यांच्याकडे होती. माझ्यामुळे त्यांना बोलायला जागा झाली.

दुसरी गोष्ट तुला ठाऊक असेल. परवा रविवारी भाईदासराव आले. एरंडोल, पारोळा करत एवढ्या लांब सायकलवर. दारात घामाने भिजलेले उभे. मी म्हटलं, आत या. ते म्हणाले, तुम्ही वाजवायला हवी होती आणि मी सोडायला हवा होता. मी म्हटलं, हो. मग ते आत आले. अंघोळ केली, जेवले, माझ्या शाळेच्या मैदानावर मुलांना घाटात गियर नसलेली सायकल कशी चढवायची ते दाखवलं, आणि राहून सकाळी गेले. आम्ही दोघं खूप दिवसांनी हसलो. वाटलं, हे प्रकरण मिटलं.

आता तूही राग सोड. आई थकली आहे. कधी येतेस ते कळव.

तुझा,
पंडित


जळगाव,
दि. २ डिसेंबर १९८८

पंडितभाऊस जयभीम. वि. वि.

समितीचा कागद आला. यांनी वाचला, घडी करून पाकिटात ठेवला आणि ड्युटीला गेले. संध्याकाळी स्वतःच्या सायकलची साखळी काढून रॉकेलमध्ये धुवायला बसले. करुणा शेजारी बसून विचारत होती, चौथा म्हणजे किती. ते म्हणाले, माझ्या पुढे तीन जण. इतकं साधं उत्तर त्यांनी वर्षभरात दिलं नव्हतं.

ते धुळ्याला आले होते हे मला तुझ्या पत्रातून कळलं. मला सांगून गेले होते की युनियनची मीटिंग आहे. परत आले ते शीळ घालत. मी कळण्याच्या भाकरी थापत होते. म्हणाले, तुझा भाऊ माणूस वाईट नाही गं. मी भाकरी तव्यावर टाकली आणि तुझं पत्र येईपर्यंत विचार करत राहिले की यांना आजच असं का वाटलं.

तू लिहितोस, प्रकरण मिटलं. तुमचं मिटलं. एकाने दोर धरला, दुसऱ्याने शिट्टी धरली, दोघांनी एकमेकांना सांगितलं आणि मटण खाल्लं. तू मटणाचं लिहिलं नाहीस, पण यांनी सांगितलं. तुम्ही हसलात तेव्हा मी कुठे होते? मी दोंडाईचाच्या तीन फेऱ्या मारल्या. मी बेबाबाईशी बोलणं तोडलं. मी आईकडे गेले नाही आणि ती जयंतीला उपाशी राहिली. मी तीस बायकांसमोर शब्द दिला आणि ऑक्टोबरपासून मी विहाराची पायरी चढलेली नाही. मी दर रविवारी घरात बसते आणि करुणा एकटी जाते. बायकांना वाटतं मी आजारी आहे. यांना माहीत आहे मी का जात नाही. त्यांनी एकदाही म्हटलं नाही की चल, मी सांगतो त्यांना. तुझ्या चार फाडलेल्या आणि एका न फाडलेल्या पत्रात माझी माफी मागितलेली मला दिसली नाही. राग सोड, एवढंच आहे.

तुझी लाज खरी आहे हे मी मानते. तुझं पत्र मी जपून ठेवलं आहे. त्या गृहस्थांच्या बोलण्याने तुला किती लागलं असेल ते मला कळतं, त्यावर मी तुला काही बोलणार नाही. पण मी सोडते म्हटलं म्हणून राग सुटत नाही.

आता मी सांगते तसं करायचं. अठरा तारखेच्या रविवारी तू जळगावला ये. वंदना झाल्यावर तू आणि हे, दोघांनी विहारात उभं राहायचं. यांनी सांगायचं की मी बायकोशी खोटं बोललो आणि ती माझ्यासाठी खोटी पडली. तू सांगायचंस की मी शिट्टी मुद्दाम वाजवली नाही. घाट, समिती, गोळे, काही जास्तीचं बोलायचं नाही. मी यांना काल सांगितलं. ते बराच वेळ साखळीला तेल देत राहिले, मग म्हणाले, पंडितभाऊ येतील का? मी म्हटलं, ते त्यांना विचारा, तुमचं आता चांगलं जमतं. तेव्हा यांचंही पत्र तुला येईल.

आईला मी सोनगीरहून घेऊन येणार आहे. तिलाही ऐकू दे. मी पायरीच्या खाली उभी राहीन, शब्द दिला आहे म्हणून. तुमचं बोलून झाल्यावर बायकांनी वर ये म्हटलं तर वर येईन. नाही म्हटलं तर तिथूनच घरी जाईन आणि तुम्ही दोघं पुन्हा त्यांना विचाराल, पुढच्या रविवारी, त्याच्या पुढच्या रविवारी, त्या हो म्हणेपर्यंत. मी घाईत नाही.

येताना आईसाठी स्वेटर आण, इथे सकाळी गारठा असतो. लोभाचं त्या दिवशी बघू.

यशोदा