जुन्या लेन्सची माया

४ जून, सोमवार
निर्णय झाला. रविवारी बाबा आणि काकांचा फोटो जुन्या कॅमेऱ्यावर, जुन्या लेन्सने, फिल्मवर. दोघा सख्ख्या भावांचा कित्येक वर्षं अबोला. कशावरून, ते आता त्यांनाही धड आठवत नसावं. काका मुलाकडे कायमचे परदेशी चाललेत, म्हणून एकदाचे चहाला येतायत. असा फोटो पुन्हा नाही. माझी डिजिटलची लेन्स? सुरकुती न् सुरकुती मोजते मेली. तिला माया नाही.

६ जून
जुनी लेन्स दुरुस्तीवाल्याला दाखवली. आत बुरशी धरलीय म्हणाला. मी सांगितलं, याला ग्लो म्हणतात, फोटोत मऊ उजेड उतरतो. तो हसला. जळतात लोक.

७ जून, ऑफिसात
रोल धुऊन आला आणि कोरा निघाला तर? मधला मार्ग: बॉडी डिजिटल, लेन्स जुनी, मध्ये दोघांना जोडणारी अडॅप्टरची कडी. मायाही, खात्रीही! हिला सांगितलं. ही म्हणाली, फोनवर काढा आणि मोकळे व्हा. या घरात कलेची कदर नाही.

९ जून
बाबा सारखे शर्ट बदलतायत. तो नक्की येईल ना, एवढंच विचारतात. येतील हो, पण तुम्ही खिडकीपाशीच बसा, उजेड तिथे आहे, असं बजावलं. अडॅप्टर आला. लावून बघायचा राहिला. त्यात काय बघायचंय?

१० जून, सकाळी
खिडकीपाशी दोन खुर्च्या मांडल्या. उजेड बघायला मॉडर्न लेन्सने एक टेस्ट शॉट. घरात सक्त ताकीद: फोन कोणी बाहेर काढायचा नाही.

१० जून, संध्याकाळी
काका आले. दोघे बसले. बराच वेळ नुसते कपात बघत होते. मी जुनी लेन्स चढवली, बटण दाबलं. कॅमेरा म्हणतो, लेन्स जोडलेली नाही. अरे गाढवा, तुझ्या नाकावर बसलीय ती! सेटिंग शोधायला मेनूत शिरलो. ही दारातून खुणावत होती, दुसरी लेन्स लावा. ऐन वेळी माघार? छे!

तेवढ्यात काका बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवून काहीतरी बोलायला लागले. मी ओरडलो, काका, हलू नका, बोलू नका, फोकस जाईल! दोघे एकदम गप्प. शहाण्या मुलांसारखे समोर बघत बसले. सेटिंग काही सापडेना. मग बाहेर काकांना न्यायला आलेल्या गाडीचा हॉर्न वाजला. काका उठले, माझी पाठ थोपटली आणि गेले.

चूक कॅमेरा कंपनीची. असा मेनू असतो का कुठे?

११ जून
काकांचं विमान पहाटेच गेलं. बाबा म्हणाले, दाखव बघू फोटो. कार्डावर एकच निघाला, तो टेस्ट शॉट. दोन रिकाम्या खुर्च्या. लाकडाची रेघ न् रेघ दिसतेय. मॉडर्न लेन्स शार्प आहे, मानलं पाहिजे.

बाबांनी कॅमेरा बाजूला ठेवला. मग म्हणाले, फोटोचं मरू दे रे. तो काय सांगत होता? मला हल्ली कमी ऐकू येतं, तू तर समोरच होतास.

मी मेनूत होतो.