सव्वा ते चारचा स्कोप

शारजा,
शुक्रवार, १५ सप्टेंबर २०००

चि. मिथुन यास,

अनेक आशीर्वाद. माझी तब्येत ठीक आहे. सप्टेंबर अर्धा झाला तरी उकाडा हटत नाही. गावी तुझ्या वहिनीने गणपती नीट पार पाडले. फोनवर मनोरमाचा पहिला प्रश्न तुझ्याबद्दलच होता, "भावजी जंगलात वेळेवर जेवतात ना?" मी म्हटलं, जेवत असतील.

तुझं पत्र मिळालं. ख्यालीखुशाली दोन ओळी, बाकी पानभर बंदुकीवरची दुर्बीण, तुझा तो स्कोप. "दादा, झाडीतल्या रानरेड्याला चालेल आणि मोकळ्या माळावरही चालेल असा एकच स्कोप निवड, तुझ्या हाताने बसव आणि बू सैफसोबत पाठव." निवडायला माझी हरकत नाही, तो माझा धंदा आहे. माझ्या हाताने बसवायचा की नाही, हे मात्र पत्र हातात आलं तेव्हा ठरत नव्हतं. का ठरत नव्हतं ते पुढे लिहितो. आधी कामाचं.

तुझी तीनशे पंचाहत्तरची बंदूक तुझ्या मालकाने, बू सैफने, दुरुस्तीला इथे आणून दिली आहे. तिच्यावरचा तो तीन ते नऊचा स्कोप तू कुणाच्या सांगण्यावरून घेतलास? नऊपट दिसतं म्हणून? आपल्या माणसांची ही जुनी खोड, आकडा मोठा दिसला की वस्तू चांगली. पंधरा पावलांवर रेडा आला आणि स्कोपात नुसतं काळं दिसलं, असं तू लिहितोस. दिसणारच. तिप्पट मोठा केलेला रेडा पंधरा पावलांवर म्हणजे काळी भिंत. त्यात खांदा कुठला आणि पुठ्ठा कुठला हे देवाला कळणार नाही. आणि भुवईला टाके पडले ते रेड्याने नाही पाडले. त्या स्कोपात काच आणि डोळा यांच्यामध्ये पुरेशी जागाच नाही. एवढ्या बंदुकीला धक्का बसला की ती कपाळाची भेट घेऊनच थांबते.

तुझ्यासाठी सव्वा ते चार. कमीत कमी सव्वापट, जास्तीत जास्त चारपट. दीड ते सहाचाही विचार केला होता. त्याची पुढची काच मोठी, संध्याकाळी बिबट्यावर बसायचं तर तोच बरा. पण बिबट्या मारायचा तो कॅम्पवर शिकारीला आलेल्या पाहुण्यांनी. तुझं काम म्हणजे पाहुण्याने जखमी करून सोडलेल्या रेड्यामागे झाडीत शिरायचं. तेव्हा स्कोप सव्वावर आणि दोन्ही डोळे उघडे. एका डोळ्याने काचेतली नेमाची फुली बघायची, दुसऱ्याने जंगल. माळावर दोनशे मीटरवरच्या जनावराला चारपट पुरते. नाही पुरली तर जवळ जा, पाय कशाला दिलेत? फुली जाड हवी, बारीक रेघ काळ्या अंगावर हरवते. बॅटरीवर पेटणारा लाल ठिपका मी घेतलेला नाही. बॅटरी नेमकी कधी संपते ते आपल्याला माहीत आहे. स्कोप बंदुकीला धरून ठेवणाऱ्या रिंगा कळीच्या घेतल्या आहेत. कळ फिरवली की स्कोप हातात आणि नळीच्या टोकावरची नेमाची माशी मोकळी. काच फुटली किंवा पावसात धुरकटली, तर नुसत्या माशीवर मारता आलं पाहिजे.

हे मला कुणी शिकवलं नाही. अरबाबाच्या, आपल्या मालकाच्या, शिकारी सामानाच्या दुकानात शोकेस बनवायला सुतार म्हणून आलो. एका गिऱ्हाइकाने टाकून दिलेला फुटका स्कोप खोलून पाहिला, जर्मन कॅटलॉग डिक्शनरी घेऊन वाचले, आणि शारजापासून रास अल खैमापर्यंतचे शिकारी मला नावाने विचारत यायला लागले. तुला इथे आणला तो मीच. काउंटरवर माझ्या शेजारी उभा राहून तू शिकलास. अरबी मात्र तुला माझ्याहून लवकर आली. मी सांगायचो, तू गिऱ्हाइकाला अरबीत समजवायचास. तू काय समजवतोस याची मी कधी खात्री केली नाही. भावाची काय खात्री करायची?

आता बू सैफचं लिहितो. मघापासून टाळतो आहे.

शहाण्णव साली तो 'प'चा 'ब' करणाऱ्या त्याच्या जिभेने मला काय म्हणाला होता ते तुला आठवत असेल. "ब्रल्हाद, इस साल तुम साथ आफ्रिका आएगा. बंदूक तुम लगाता है, तो चलके देखो कैसा चलता है." इतकी वर्षं रेड्यासाठी स्कोप लावले आणि रेडा बघितला तो फक्त कॅटलॉगात. मी पिवळ्या तापाची सुई टोचून घेतली. बूट घेतले आणि ते मऊ व्हावेत म्हणून दुकानात घालून फिरायचो. आपला ड्रायव्हर हमदुल्ला हसायचा, "उस्ताद, शेर तो आपके बूट की आवाज से ही भाग जाएगा!" आणि आयत्या वेळी तू मान खाली घालून आलास. "दादा, बू सैफने बेत बदलला. त्यांना अरबी बोलणारा माणूस हवाय." मी म्हटलं, ठीक आहे, घरातच आहे. ते बूट मीच तुझ्या बॅगेत भरले. तुला मोठे होते म्हणून पुढे कापूस घातला.

तू तिकडेच राहिलास, त्याच्या कॅम्पवर. इकडे माझ्याकडची बंदुकांची कामं एकेक करून बंद पडली. बू सैफ दुकानात यायचा, सलाम करायचा, चहा प्यायचा आणि बंदूक दुसरीकडे लावून घ्यायचा. त्याचे दोस्तही तसेच. मी भाव तपासले, रिंगा तपासल्या, वागण्यात काही चुकलं का ते तपासलं. शेवटी अरबाबाने मला ससाण्यांचे डोळे झाकायच्या टोप्या आणि मासे पकडायच्या गळांच्या काउंटरवर बसवलं. म्हणाला, "प्रल्हाद, इधर आराम है." मी आराम मागितला होता का?

मागच्या महिन्यात बू सैफ तुझी बंदूक घेऊन थेट माझ्या गळांच्या काउंटरवर आला. हमदुल्ला तिथेच खोकी उतरवत होता.

"ब्रल्हाद, मिथुन बोलता है स्कोप तुम ही लगाएगा, दूसरा कोई नहीं. तो ऑपरेशन हो गया? आंख ठीक?"

"कौन सा आंख, बू सैफ?"

"सीधा वाला! मिथुन बोला था ना, सीधा आंख में पानी उतर गया, खलास. इस वास्ते तुम आफ्रिका नहीं आया. बोला, दादा को शरम आता है, उसको पूछना नहीं. वल्ला, हम नहीं पूछा. चार साल नहीं पूछा. सिर्फ मजलिस में बोला, उसको बंदूक मत दो, गलत लगाएगा तो बेचारे का दिल टूटेगा."

हमदुल्लाच्या हातातलं खोकं तसंच राहिलं.

मिथुन, बू सैफ मनाने मोठा आहे. माझी लाज राखायला चार वर्षं गप्प राहिला आणि त्या गप्प राहण्यानेच माझं दुकान उठलं. स्कोप लावणाऱ्याचा उजवा डोळा गेला म्हटल्यावर उरलं काय? आणि तूसुद्धा, इतकं बेमालूम खोटं रचलंस, पण जीवावर बेतलं तेव्हा तुला दुसऱ्या कुणाचा हात चालेना. त्या आंधळ्याचाच हवा झाला. म्हणून उघडं पडलं, नाहीतर मी तसाच मेलो असतो.

माझ्या तोंडाशी आलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण तुझा पगार, तुझी राहायची सोय, सगळं त्या माणसाच्या शब्दावर आहे. खोटं बोललेल्या नोकराला तो एका दिवसात विमानात बसवतो, हे आपण दोघांनी पाहिलं आहे. मी म्हटलं, "हो गया, बू सैफ. अल्हमदुलिल्ला."

त्याने मला मिठी मारली.

आता मजा ऐक. त्याने मजलिसमध्ये, दोस्तांच्या बैठकीत, बातमी दिली आणि गिऱ्हाइकं परत यायला लागली. अरबाबाने मला जुन्या काउंटरवर बसवलं. कुणी खजूर आणतो, कुणी विचारतो, "ऑपरेशन इधर किया या इंडिया में?" ज्या डोळ्याला कधी काही झालंच नाही, तो बरा झाला म्हणून मी लोकांचे आभार मानतो आहे. उत्तम स्कोप लावून दिला तर म्हणतात, माशाल्ला, डॉक्टर अच्छा था. कौतुकसुद्धा डॉक्टरच्या नावावर गेलं. सगळं ऐकलेला हमदुल्ला हल्ली माझी थट्टा करत नाही. ते मला सर्वांत जास्त लागतं.

तुझा स्कोप मी बसवला. त्यात कुचराई केलेली नाही. तुझ्या गालाचं हाड वर आहे, मान लांब, आणि घाबरलास की तोंड दस्त्यावर पुढे सरकवतोस. म्हणून नेहमीपेक्षा एक बोट पुढे घेतला आहे. रास अल खैमाकडे अरबाबाच्या रेंजवर नेऊन मीच नेम जुळवला. शंभर मीटरवर गोळी मुद्दाम दीड इंच वर ठेवली आहे, पुढे ती खाली येते म्हणून. स्कोप काढला, परत लावला, परत मारली. तिथेच लागली. राग माझा आहे, तो रेड्याच्या शिंगांनी वसूल करायचा नाही मला.

बू सैफ मंगळवारच्या विमानाने निघतो. बंदूक तुझ्या हातात देईल तेव्हा त्याला खरं सांग. मी सांगणार नाही. माझा डोळा चांगला होता हे मला माझ्या तोंडाने सिद्ध करायचं नाही. ज्याने बिघडवला त्यानेच तो नीट करावा. नोकरी जाईल अशी भीती वाटेल, आणि जाईलही कदाचित. नाही सांगितलंस तरी स्कोप तुझाच, मी परत मागणार नाही. मी इथे ऑपरेशन झालेला माणूस म्हणून दिवस काढीन. तुझ्या वहिनीला यातलं काही कळवलेलं नाही, कळवणारही नाही. तू वेळेवर जेवतोस असंच सांगत जाईन.

बू सैफ परत येईल तेव्हा तो माझ्याशी कसा बोलतो त्यावरून मला कळेल. तोवर पत्र लिहू नकोस. खाली नुसती सही करतो. तिच्याआधी नात्याचा जो शब्द लिहितात तो आज लिहवत नाही.

प्रल्हाद सोनू पाष्टे